ब्लूजे : जावाच्या पहिल्या काही महिन्यांसाठी

जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी एक अशी ओळ लिहायला लावतात, जिच्यातल्या ‘पब्लिक’, ‘स्टॅटिक’, ‘व्हॉइड’, ‘मेन’ या शब्दांपैकी एकाचाही अर्थ त्याला त्या दिवशी नीट सांगता येत नाही. ‘सध्या हे असेच लिहा, पुढे कळेल’ असे म्हणून वेळ मारून नेली जाते आणि प्रोग्रॅमिंग म्हणजे न समजलेल्या गोष्टी जशाच्या तशा उतरवून काढणे, अशी समजूत नवशिक्याच्या मनात सुरुवातीलाच घर करून बसते. ब्लूजे हे मोफत सॉफ्टवेअर याच अडचणीला उत्तर म्हणून पुढे आले. सन मायक्रोसिस्टिम्सने जावा १९९५ मध्ये जाहीर केली. मिखाएल क्योलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी शिकवण्यासाठी ‘ब्लू’ नावाची स्वतंत्र भाषा आणि तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे वातावरण आधीच घडवलेले होते. तीच कल्पना जावासाठी नव्याने बांधून १९९९ मध्ये ब्लूजे उपलब्ध झाले. आज त्याचा विकास लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये चालतो. ज्याला जावाचा श्रीगणेशा करायचा आहे आणि भाषेबरोबर प्रश्न सोडवण्याची सवयही लावून घ्यायची आहे, त्याला या साधनाचा कितपत उपयोग होतो, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे.

बसवण्याबाबत फार सांगण्यासारखे नाही. विंडोज आणि मॅक यांसाठीच्या ब्लूजेबरोबर जावाचा संच आतच येतो, त्यामुळे जेडीके (जावाचा हाच संच) वेगळा उतरवा, मग संगणकाला त्याचा मार्ग दाखवा, ही कटकट वाचते. ती कटकट क्षुल्लक वाटते, पण नवशिक्यांपैकी काही जण तिथेच थकून जावाचा नाद सोडतात, हे ज्यांनी शिकवले आहे त्यांना ठाऊक असेल.

ब्लूजे उघडल्यावर समोर रिकामा एडिटर, म्हणजे कोड लिहिण्याची जागा, येत नाही. मुख्य खिडकीत प्रत्येक क्लाससाठी (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट घडवण्याचा साचा) एक चौकोन दिसतो आणि कोणता क्लास कोणावर अवलंबून आहे ते बाणांनी दाखवलेले असते. जो क्लास अजून कंपाइल झालेला नाही, म्हणजे चालवता येईल अशा रूपात बदललेला नाही, त्याच्या चौकोनावर तिरप्या रेघा असतात. चौकोनावर उजवी टिचकी मारली की त्या क्लासचे ऑब्जेक्ट तयार करण्याचा पर्याय येतो आणि तयार झालेले ऑब्जेक्ट खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर लाल ठोकळ्याच्या रूपात येऊन बसते. या पट्टीला ब्लूजेमध्ये ऑब्जेक्ट बेंच म्हणतात. आता त्या ठोकळ्यावर उजवी टिचकी मारली की त्याच्या सगळ्या मेथड्सची, म्हणजे त्याला करता येणाऱ्या कामांची, यादी उघडते. हवी ती निवडायची, तिला लागणारी किंमत छोट्या खिडकीत भरायची, आणि मेथडने परत दिलेले उत्तर लगेच समोर येते. या सगळ्यात मेन मेथड कुठेही लिहावी लागत नाही.

क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक शब्दांत कितीही समजावला तरी तो पहिल्या आठवड्यात निसटतोच. ‘खाते’ नावाचा एक क्लास घ्या, त्यात ‘शिल्लक’ हे एकच फील्ड (किंमत साठवण्याची जागा) आणि रक्कम भरण्याची एक मेथड ठेवा. बेंचवर या क्लासची दोन ऑब्जेक्ट्स तयार करा, दोन्हींच्या तपासणीच्या (आतल्या किंमती दाखवणाऱ्या) खिडक्या शेजारी शेजारी उघडून ठेवा आणि फक्त पहिल्या खात्यात ५०० भरा. पहिल्या खिडकीतला आकडा बदलतो, दुसरीतला जागचा हलत नाही. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला ‘प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतःची स्थिती असते’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही. (जाता जाता : क्लासची आणि व्हेरिएबल्सची, म्हणजे किंमती ठेवण्याच्या जागांची, नावे देवनागरीत देण्यास जावा भाषेची हरकत नाही. व्यवसायात तसे कोणी करत नाही आणि की-वर्ड्स, म्हणजे भाषेचे ठरलेले शब्द, तर इंग्रजीच राहतात, पण सरावाच्या चिमुकल्या प्रोग्रॅममध्ये ‘शिल्लक’ लिहून पाहण्यात बिघडत काही नाही.)

इथपर्यंतची स्तुती ब्लूजेबद्दलच्या बहुतेक लेखनात आढळते आणि ती रास्तही आहे. मात्र प्रश्न सोडवायला शिकणे या बाजूने पाहिले, तर ऑब्जेक्ट बेंच हे या साधनाचे सर्वांत मोठे बलस्थान नाही, असे माझे मत आहे. सुरुवातीच्या काळात जे प्रश्न विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात ते बहुधा अटी, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणे) आणि ॲरे (किंमतींची क्रमवार यादी) यांचे असतात. संख्या मूळ आहे का ते तपासा, अक्षरे उलटी करा, यादीतली सर्वांत लहान संख्या शोधा. अशा प्रश्नांत क्लास एकच असतो, त्यामुळे आकृतीत एकुलता एक चौकोन दिसतो आणि बेंचवर ठेवण्यासारखे फारसे काही नसते. इथे उपयोगी पडते ते ब्लूजेचे दुसरे वैशिष्ट्य : कोणत्याही एका मेथडला बाजूला काढून, तिला हवी ती किंमत देऊन, तिचे उत्तर लगेच तपासता येणे. स्टॅटिक, म्हणजे थेट क्लासची, मेथड असेल तर ऑब्जेक्टही लागत नाही, क्लासच्या चौकोनावरूनच ती चालवता येते. स्कॅनर (टाइप केलेले वाचून घेणारा जावाचा क्लास) वापरून किंमती वाचून घेण्याचा जो पसारा पहिल्या महिन्यातल्या प्रोग्रॅममध्ये निम्मी जागा खातो, तो इथे लिहावाच लागत नाही. नवशिक्याचे लक्ष प्रश्नावर राहते, आणि माझ्या दृष्टीने हाच या साधनाचा खरा लाभ आहे.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. पूर्णांकांचा ॲरे दिलेला आहे आणि त्यातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधायची आहे. बहुतेक विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात ‘मोठी’ आणि ‘दुसरी’ अशी दोन व्हेरिएबल्स घेतात, दोन्हींत पूर्णांकाची शक्य तितकी लहान किंमत भरून ठेवतात आणि लूपमध्ये लिहितात की, आलेली संख्या ‘मोठी’पेक्षा मोठी असेल तर ती ‘मोठी’त ठेवा, नाहीतर ‘दुसरी’पेक्षा मोठी असेल तर ‘दुसरी’त ठेवा. वाचायला हे अगदी बिनचूक वाटते. ब्लूजेमध्ये मेथड चालवायची, विचारणाऱ्या खिडकीत महिरपी कंसात ९, ४, ७ असा ॲरे भरायचा. उत्तर येते ७. बरोबर. ४, ९, ७ भरले तरी उत्तर ७ येते, तेही बरोबर. आता ४, ९, २ भरून पाहावे. उत्तर येते २, आणि यायला हवे होते ४. पुढे ४, ७, ९ असा चढता क्रम दिला की उत्तर येते उणे २१४७४८३६४८, म्हणजे आपण सुरुवातीला भरलेली सर्वांत लहान किंमत जशीच्या तशी परत. शेवटचे उत्तर इतके विचित्र आहे की ते कोणाच्याही नजरेत भरते. त्याआधीचे २ हे उत्तर मात्र दिसायला साधेसुधे आहे आणि म्हणूनच जास्त फसवे आहे. मेथड पुन्हा चालवून वेगळा ॲरे द्यायला काही क्षणच लागतात, म्हणून विद्यार्थी एकाच उदाहरणावर समाधान मानत नाही. दर वेळी अख्खा प्रोग्रॅम सुरू करून एकेक संख्या टाइप करावी लागली असती, तर पहिले ७ आल्यावरच बहुतेकांनी हात झटकले असते.

चूक कुठे आहे हे शोधण्यासाठी डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवत थांबवत चालवून दाखवणारे साधन, वापरायचा. एडिटरच्या डाव्या समासात अटीच्या ओळीसमोर टिचकी मारली की तिथे थांबा बसतो, आणि मेथड पुन्हा चालवली की ती त्या ओळीवर येऊन थांबते. डीबगरच्या खिडकीत त्या क्षणीच्या सगळ्या स्थानिक व्हेरिएबल्सच्या किंमती दिसतात. ४, ९, २ या ॲरेवर एकेक पाऊल पुढे जाऊ लागले की पहिल्या फेरीनंतर ‘मोठी’ ४ झालेली दिसते. दुसऱ्या फेरीत ‘मोठी’ ९ होते, ‘दुसरी’ मात्र होती तशीच राहते, आणि ४ हा आकडा त्या खिडकीत कुठेच उरलेला नसतो. तो पुसला गेला. ‘मोठी’त नवी संख्या ठेवण्यापूर्वी तिथली जुनी किंमत ‘दुसरी’कडे द्यायला हवी होती, हे विद्यार्थ्याला कोणी सांगावे लागत नाही, त्याचे त्यालाच दिसते. दुरुस्ती करताना त्या दोन ओळींचा क्रम उलटा लागला तर दोन्ही व्हेरिएबल्समध्ये ९ येतात, आणि तेही याच खिडकीत लगेच लक्षात येते. नेमणूक, म्हणजे व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवणे, ही गणितातली समानता नव्हे, ती एक घडणारी क्रिया आहे आणि तिला आधी-नंतर असते, ही गोष्ट या एका उदाहरणात जितकी पक्की होते तितकी व्याख्येने होत नाही.

ब्लूजेचा डीबगर मोठ्या व्यावसायिक साधनांच्या मानाने अगदी तुटपुंजा आहे, पण त्यात बटणे मोजकी असल्यामुळे नवशिक्या त्याला घाबरत नाही. लूपची अट चुकून प्रोग्रॅम थांबायचे नावच घेत नसेल, तर तो डीबगरमधून मधेच थोपवून कोणत्या किंमतीवर अडकला आहे ते पाहता येते, किंवा जावा व्हर्च्युअल मशीन (जावाचे प्रोग्रॅम चालवणारा भाग) रीसेट करण्याचा पर्याय वापरून सरळ बंद करता येते. ब्लूजे स्वतः बंद पडत नाही. नवशिक्याचा लूप कधी ना कधी अनंत होणारच, तेव्हा ही सोय महत्त्वाची आहे.

वरच्या उदाहरणात अजून एक पेच उरतो. दुरुस्त केलेल्या मेथडला ७, ७, ३ दिले तर उत्तर ७ येते. ते बरोबर की चूक? दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या म्हणजे क्रमाने लावल्यावर दुसऱ्या जागी येणारी, की सर्वांत मोठीपेक्षा लहान असलेल्यांत मोठी? आणि ॲरेमध्ये एकच संख्या असेल तर मेथडने काय परत द्यायचे? या प्रश्नांची उत्तरे ब्लूजेकडे नाहीत, जावाकडेही नाहीत. ती प्रश्न वाचतानाच कागदावर ठरवायची असतात. हे मुद्दाम लिहितो, कारण मेथड चटकन चालवून पाहता येते म्हणून विद्यार्थी विचार करण्याऐवजी अंदाजाने कोड बदलत राहतो, ‘मोठे आहे’च्या जागी ‘मोठे किंवा समान आहे’ टाकून पाहतो, आणि एकदा हवे ते उत्तर आले की पुढे निघतो. साधन जितके सोयीचे, तितका हा मोह मोठा. त्यावर उपाय ब्लूजेमध्येच आहे, फक्त तो फारसा कोणी वापरत नाही : सेटिंग्जमध्ये चाचणीची साधने सुरू केली की मेथड हाताने चालवताना ते सगळे टप्पे नोंदवून त्यांची जेयुनिट चाचणी (जावाच्या कोडची आपोआप होणारी तपासणी) तयार होते आणि उत्तर किती यायला हवे हेही तिथल्या तिथे लिहिता येते. कोड लिहिण्यापूर्वी चार-पाच ॲरे आणि त्यांची अपेक्षित उत्तरे कागदावर लिहायची आणि मग तीच चाचण्यांत नोंदवायची, अशी शिस्त ठेवली तर अंदाजपंचे बदल करून भागत नाही, कारण एक उदाहरण जुळवताना दुसरे मोडले की ते लगेच लाल रंगात दिसते.

कोडपॅड ही आणखी एक छोटी पण गुणी गोष्ट. मुख्य खिडकीच्या कोपऱ्यात एक जागा असते, तिथे जावाचे कोणतेही पद लिहून एंटर दाबले की त्याची किंमत आणि तिचा प्रकार लगेच मिळतो. ७ भागिले २ लिहिले की ३ मिळतात आणि शेजारी प्रकार पूर्णांक असल्याचे दिसते, ७.० भागिले २ लिहिले की ३.५ आणि प्रकार डबल, म्हणजे दशांश संख्या. २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवला की उणे २१४७४८३६४८ मिळतात, कारण जावाचा साधा पूर्णांक ३२ बिटांचा असतो आणि त्याची मर्यादा ओलांडली की तो निमूटपणे दुसऱ्या टोकाला जातो, कुठलीही चूक दाखवत नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. हे चार प्रयोग पाच मिनिटांत होतात आणि पुढे सरासरी काढताना किंवा फॅक्टोरियल मोजताना उत्तर का बिघडले याचा शोध घेण्यात जाणारे तास वाचवतात. जावामध्ये २०१७ साली, नवव्या आवृत्तीपासून, जेशेल नावाची अशीच सोय आली, पण ती कमांड लाइनवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) चालते आणि तिथे नवशिक्या सहसा फिरकत नाही. शिवाय कोडपॅडमध्ये तयार झालेले ऑब्जेक्ट उचलून थेट बेंचवर ठेवता येते.

एडिटरबद्दल दोन गोष्टी. पहिली, क्लास, मेथड, लूप, अट यांच्या हद्दी वेगवेगळ्या रंगांच्या पार्श्वभूमीने दाखवलेल्या असतात, त्यामुळे एखादा महिरपी कंस राहून गेला की रंगांची मांडणीच बिघडते आणि चूक वाचण्याआधी दिसते. दुसरी, जुन्या आवृत्त्यांत कंपाइल केल्यावर एका वेळी एकच चूक दाखवली जाई. चौथ्या आवृत्तीपासून कोड मागच्या मागे तपासला जातो आणि चुकीखाली लाल रेघ उमटते. नवी पद्धत बहुतेकांना आवडेल. मला जुनी अधिक पसंत होती, कारण वाक्य पुरे होण्याआधीच खाली लाल रेघ आली की नवशिक्या बावचळतो आणि आधी ती रेघ घालवण्याच्या मागे लागतो. चूक सांगणारा संदेश मात्र जावाच्या कंपायलरचाच असतो. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकले तर ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ (हे नाव सापडत नाही) एवढेच कळते, नाव चुकले असावे हे अनुभवानेच समजते. कोड पुरा करून देण्याची सोय आहे, पण ती मागितल्यावर मिळते. ओळीच्या ओळी आपणहून सुचवणाऱ्या साधनांच्या काळात हा मागासपणा वाटेल, पण जो अजून लूप लिहायला शिकतो आहे त्याच्या ते पथ्यावरच पडते.

आता मर्यादा. क्लासमध्ये बदल करून तो पुन्हा कंपाइल केला की बेंचवरची ऑब्जेक्ट्स नाहीशी होतात. याला कारण आहे : ती जुन्या क्लासपासून घडलेली असतात आणि नव्या व्याख्येशी त्यांचा मेळ राहीलच असे नाही. पण पाच ऑब्जेक्ट्स हाताने तयार करून, एकमेकांना जोडून ठेवलेली असताना एका अर्धविरामासाठी ती सगळी गेली की वैताग येतो, आणि आपले काम पुसले गेले असे नवशिक्याला वाटते. कोड सुरक्षित असतो, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मेन मेथड टाळल्याचा फायदा सुरुवातीला होतो, पण ती टाळतच राहिले तर प्रोग्रॅम नेमका कुठून सुरू होतो, तो ब्लूजेच्या बाहेर कसा चालवायचा, हेच विद्यार्थ्याला माहीत नसते. दोन-तीन महिने बेंचवर काम केलेल्या विद्यार्थ्याला कमांड लाइनवर एक साधा प्रोग्रॅम चालवायला सांगून पाहावे. अडखळणारे बरेच निघतात. दरम्यान जावा भाषाही बदलली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या २५व्या आवृत्तीत क्लासची चौकट आणि ‘पब्लिक स्टॅटिक’ हे शब्द न लिहिता नुसती मेन मेथड लिहून छोटा प्रोग्रॅम चालवता येतो. ज्या अवघड पहिल्या ओळीपासून ब्लूजे विद्यार्थ्याला वाचवत होते, ती आता भाषेनेच सोपी केली आहे. म्हणून पूर्वी मी ब्लूजेची शिफारस मुख्यतः त्या ओळीसाठी केली असती, आज ती मेथड सुटी चालवून पाहण्याच्या सोयीसाठी, कोडपॅडसाठी आणि साध्या डीबगरसाठी करतो.

क्लासेसची संख्या दहा-बाराच्या पुढे गेली की आकृतीत बाणांचा गुंता होतो. मेव्हन किंवा ग्रेडल या मोठे प्रकल्प बांधण्याच्या साधनांच्या आधारे चालणारे प्रकल्प इथे हाताळता येत नाहीत, आणि सगळ्या कोडमध्ये एखादे नाव सुरक्षितपणे बदलण्यासारख्या सोयी शोधू नयेत. ते ब्लूजेचे कामच नाही, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

ज्याने याआधी कधीच प्रोग्रॅमिंग केलेले नाही, त्याने ब्लूजेपासून निःशंकपणे सुरुवात करावी. ज्याला पायथन किंवा सी येते आणि आता फक्त जावा शिकायची आहे, त्याने ऑब्जेक्टची कल्पना पक्की करण्यापुरते एक-दोन आठवडे ते वापरावे आणि पुढे सरकावे. प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या धर्तीवरचे, इनपुट वाचून आउटपुट छापण्याचे प्रश्न सोडवणाऱ्याला त्याचा उपयोग मर्यादितच आहे, कारण तिथे स्कॅनर किंवा तत्सम काही टाळून चालत नाही. बाकीच्यांनी ॲरे, स्वतः लिहिलेले दोन-तीन क्लास आणि इन्हेरिटन्सची (एका क्लासवरून दुसरा घडवण्याची) तोंडओळख इतके झाले की इंटेलिजे आयडिया, एक्लिप्स किंवा व्हीएस कोड या व्यावसायिक साधनांपैकी एकाकडे वळावे. ब्लूजेचा प्रकल्प म्हणजे एक साधे फोल्डर असते आणि त्यातल्या जावाच्या फाइली इतर कुठल्याही साधनात जशाच्या तशा उघडतात. ब्लूजेने स्वतःसाठी ठेवलेल्या दोन-चार जादा फाइली मागे सोडल्या तरी कोडचे काही बिघडत नाही. जाण्यापूर्वी प्रत्येक प्रकल्पात एक मेन मेथड मात्र लिहून घ्यावी, नाहीतर नव्या साधनात चालवण्याचे बटण दाबल्यावर काहीच सुरू होणार नाही.